न्यूरेंबर्गचं ख्रिसमस मार्केट: कधी जायचं, काय खायचं आणि दोनदा का बघायचं

सगळ्यात आधी तारखा, कारण बरेच जण इथेच गंडतात. ख्रिसमस मार्केट म्हणजे ख्रिसमसच्या दिवशीच भरत असणार असं आपल्याला वाटतं, मग २५ डिसेंबर धरून सुट्टी टाकली जाते, तिकीट काढलं जातं आणि तिथे पोचल्यावर समोर काय तर बंद दुकानं, रिकामे रस्ते आणि सोडवायला घेतलेले स्टॉल. जर्मनीत हे मार्केट ख्रिसमसच्या आधीचं असतं, ॲडव्हेंटच्या चार आठवड्यांचं. न्यूरेंबर्गचं क्रिस्टकिंडलेसमार्क्ट पहिल्या ॲडव्हेंट रविवारच्या आधीच्या शुक्रवारी उघडतं आणि २४ डिसेंबरला दुपारी २ वाजता बंद होतं, बस्स. २५ आणि २६ या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी, सुपरमार्केटसुद्धा बंद, म्हणजे त्या दिवसांत तुम्ही तिथे असाल तर खाण्यापिण्याची सोय आधी करून ठेवावी लागते.

तारीख काढायची पद्धत सोपी आहे. २५ डिसेंबरच्या आधीचे रविवार मागे मागे मोजत जा, चौथा रविवार येईल तो पहिला ॲडव्हेंट, आणि त्याच्या आधीचा शुक्रवार म्हणजे उद्घाटन. २०२५ मधे तो २८ नोव्हेंबरला आला होता, २०२६ मधे २७ नोव्हेंबरला येतो. रोजची वेळ साधारण सकाळी १० ते रात्री ९ धरून चाला.

आता या तीन-चार आठवड्यांत नेमकं कधी जायचं, तर माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात, सोमवार ते गुरुवार. शनिवारी आजूबाजूच्या गावांमधून, शेजारच्या देशांमधून बस भरभरून लोक येतात आणि संध्याकाळी ५ नंतर चौकात पाऊल ठेवायला जागा नसते, स्टॉलवर काय ठेवलंय ते बघायचं सोडा, पुढच्या माणसाच्या जाकिटाची पाठ तेवढी दिसते. शनिवारशिवाय पर्यायच नसेल तर सकाळी १० ला हजर व्हा, किंवा रात्री ८ नंतरचा शेवटचा तास पकडा, तेव्हा बसवाले परत निघालेले असतात.

आणि मुख्य गोष्ट, जी मी सगळ्यांना कळकळीने सांगते: हे मार्केट एकाच दिवशी दोनदा बघा. एकदा सकाळच्या उजेडात आणि एकदा अंधार पडताना. बहुतेक लोक फक्त रात्रीचं बघतात कारण फोटो रात्रीचे असतात, पण रात्री गर्दी आणि दिव्यांच्या झगमगाटात वस्तू नीट दिसत नाहीत, हाताने केलेलं काय आणि कारखान्यातून आलेलं काय ते कळत नाही, आणि स्टॉलवाल्यांना बोलायला फुरसत नसते. सकाळी खरेदी, संध्याकाळी मजा, अशी सरळ वाटणी केली की दोन्ही मनासारखं होतं.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

भारतातून येणार असाल तर शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण १५ दिवसांवर अजिबात विसंबू नका, अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. बाकी कागदपत्रांची यादी अर्ज करतानाच बघा, ती बदलत असते.

म्युनिकला उतरलात तर तिथल्या मुख्य स्टेशनवरून वेगवान आयसीई ट्रेनने न्यूरेंबर्ग तासाभराच्या थोडं वर, फ्रँकफर्टहून दोन तासांच्या आसपास. चार-पाच जण असाल आणि म्युनिककडून येत असाल तर बायर्न तिकीट बघा, एका तिकिटात ५ जणांपर्यंत दिवसभर बव्हेरिया या राज्यातल्या रिजनल गाड्यांनी फिरता येतं आणि शहरातल्या मेट्रो, ट्राम, बसलाही तेच तिकीट चालतं. अट एवढीच की सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं आणि आयसीईला चालत नाही. न्यूरेंबर्गच्या विमानतळावरच उतरलात तर प्रश्नच मिटला, यू२ मेट्रो थेट मुख्य स्टेशनला पंधरा मिनिटांच्या आत पोचवते, आणि ही मेट्रो ड्रायव्हरशिवाय चालते, मुलं बरोबर असतील तर पहिल्या डब्यात अगदी पुढच्या काचेजवळची जागा पकडा, बोगदा समोरून अंगावर येताना दिसतो.

हॉटेलं या महिन्यात महाग होतात, जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत तर फारच. उन्हाळ्यातच बुकिंग करून टाका, रद्द करता येईल असं. नाही जमलं तर शेजारचं फ्युर्थ गाव बघा, यू१ मेट्रोने जोडलेलं आहे आणि अंतर किरकोळ आहे. जर्मनीतली वाफेच्या इंजिनाची पहिली रेल्वे १८३५ मधे याच दोन गावांमधे धावली, त्यावरून अंतराची कल्पना येईल. हॉटेल निवडताना एकच बघायचं, मेट्रो स्टेशन चालत पाच मिनिटांवर आहे का, कारण रात्री ९ ला गारठलेल्या पायांनी वीस मिनिटं चालणं नको होतं.

एका दिवसासाठी येत असाल तर सामान स्टेशनवरच्या लॉकरमधे टाका. बॅग ओढत मार्केटमधे जाऊ नका, दगडी फरशी आहे आणि गर्दीत बॅगची चाकं लोकांच्या पायावरून जातात.

पाय गरम ठेवा, बाकी सगळं जमतं

डिसेंबरात तिथे तापमान शून्याच्या आसपास, दिवसा चार-पाच अंशांपर्यंत जातं, रात्री शून्याखाली. बर्फ पडेलच असं नाही, उलट बारीक पाऊस आणि ओलसर थंडी जास्त मिळते. लोक जाड जाकीट घेतात आणि पायात साधे स्पोर्ट्स शूज घालतात, मग तासाभरात बोटं बधिर. चौकात उभं राहणं खूप असतं, चालणं कमी, आणि दगडातून गारवा तळपायात चढत जातो. जाड सोलचे, पाणी आत न येणारे बूट आणि लोकरीचे मोजे, आणि बूट अर्धा नंबर मोठे, म्हणजे मोजा जाड असला तरी बोटं हलवता येतील, घट्ट बुटात पाय आणखी गार पडतात. अंगात थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, कारण दुकानात, म्युझियममधे शिरलात की आत चांगलं गरम असतं आणि तिथे थर काढता आले पाहिजेत. हातमोजे असे घ्या की बोटांनी पैसे मोजता येतील.

फोनची बॅटरी थंडीत भराभर उतरते, तो आतल्या खिशात ठेवा, पॉवरबँक बरोबर असू द्या. रोख पैसे सुटे ठेवा, ५ आणि १० च्या नोटा आणि नाणी, कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं पण प्रत्येक स्टॉलवर चालेलच असं नाही, आणि टॉयलेटला नाणी लागतात. पाकीट मागच्या खिशात नको, गर्दीची जागा आहे.

सकाळ: लाकूड आणि कापडाचं गाव

स्टेशनवरून मेट्रो घेऊ नका, चालत जा, पंधरा मिनिटांचा रस्ता आहे आणि फार सुंदर आहे. समोरच जुन्या तटाचा जाडजूड गोल बुरूज, त्याच्या पायथ्याशी कारागिरांची छोटी छोटी दुकानं असलेलं हांडवेर्करहोफ नावाचं अंगण, मग क्योनिगश्ट्रासे या रस्त्याने सरळ खाली, वाटेत सेंट लॉरेंझ चर्चचे दोन उंच मनोरे, आणि मग पेग्निट्झ नदीवरचा पूल. पुलावर उजवीकडे वळून बघा, नदीच्या पात्रावर कमानी टाकून बांधलेली एक जुनी इमारत दिसते, ते मध्ययुगातलं हॉस्पिटल होतं. पूल ओलांडला की दोन मिनिटांत हाउप्टमार्क्ट, म्हणजे मुख्य चौक.

इथे लाकडी स्टॉलच्या रांगा, साधारण १८० स्टॉल, आणि सगळ्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, हे शहराचेच रंग आहेत. नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते, इथे प्लास्टिकच्या माळा नाहीत, स्पीकरवर लावलेली ख्रिसमसची गाणी नाहीत, पाळणे नाहीत. ते सगळं या मुख्य चौकात चालत नाही, गाणी ऐकू येतील ती प्रत्यक्ष गाणाऱ्यांची. शिवाय सगळ्यात छान सजवलेल्या स्टॉलना दरवर्षी सोनं, चांदी, ब्राँझ अशी बक्षिसं दिली जातात. मला हे फार आवडतं, कारण त्यामुळेच हा बाजार अजून बाजार राहिलाय, त्याची जत्रा झालेली नाही.

बक्षिसाचं नाव ज्याच्यावरून पडलंय तो ‘त्स्वेचगेनमेनले’, म्हणजे सुकवलेल्या आलुबुखारचा माणूस, तो बघायलाच पाहिजे. तारेवर काळी सुरकुतलेली आलुबुखार ओवून हातपाय करतात, डोकं म्हणजे अक्रोड, त्यावर बारीक ब्रशने डोळे आणि तोंड रंगवलेलं, आणि मग त्याला कपडे. कोणी धुराडं साफ करणारा, कोणी बेकर, कोणी नवरा-नवरी, कोणी डॉक्टर. जवळून बघितलं तर प्रत्येक अक्रोडाच्या रेषा वेगळ्या असल्याने प्रत्येकाचा चेहरा वेगळा निघतो, एक रागावलेला, एक झोपाळू, एकाला नाक जरा जास्तच. घरात हा ठेवला की पैसा आणि नशीब कमी पडत नाही असं तिथले लोक मानतात. खायचा नसतो बरं का. सकाळी स्टॉलवर गर्दी नसली की विचारा, कुठला कोण आहे ते हौसेने सांगतात.

दुसरी खास न्यूरेंबर्गची वस्तू म्हणजे राउशगोल्डएंगेल, सोनेरी पातळ पत्र्याच्या चुण्यांचा झगा घातलेली देवदूत बाहुली. छोट्यात छोटी तळहातावर मावेल एवढी मिळते. स्वस्त घ्यायची तर नक्की कुठे बनलीय ते विचारून घ्या, लाकडी खेळणी आणि झाडाला टांगायच्या वस्तूंबद्दलही तेच, हाताने कोरलेल्या आणि मशिनवर कापलेल्या वस्तूंतला फरक सकाळच्या उजेडात कडांवरून कळतो.

बाराला दहा कमी असताना हातातलं सगळं सोडून फ्राउएनकिर्खे, म्हणजे चौकाच्या पूर्वेच्या चर्चसमोर या. घड्याळात १२ वाजले की चर्चच्या दर्शनी भिंतीवरची जुनी यांत्रिक चित्रं हलायला लागतात, मधे सम्राट चौथा कार्ल बसलेला आणि सात राजपुत्र, म्हणजे सम्राट निवडायचा हक्क असलेले सात जण, त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारतात. १३५६ च्या गोल्डन बुल या फर्मानाची ती आठवण, आणि हे यंत्र १५०९ चं. चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यात श्योनर ब्रुनेन हा १९ मीटर उंचीचा कारंजा आहे, त्याच्या जाळीतली पितळी कडी फिरवून इच्छा मागायची असते, तिथे रांग असते, पण पटपट सरकते.

याच जागेबद्दल आणखी एक माहीत असू द्या. हा चौक जिथे आहे तिथे मध्ययुगात ज्यूंची वस्ती होती. १३४९ मधे ती वस्ती उद्ध्वस्त केली गेली, शेकडो लोकांना मारलं गेलं, आणि सिनेगॉग होतं त्याच जागेवर हे चर्च उभं राहिलं, ज्या कार्लभोवती ते राजपुत्र फिरतात त्याच्याच परवानगीने. पुढे १९३३ नंतर या चौकाला हिटलरचं नाव दिलं होतं. २ जानेवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात जुनं शहर जवळजवळ पूर्ण पडलं आणि १९४८ मधे त्याच ढिगाऱ्यांच्या शहरात मार्केट पुन्हा भरलं. मुक्कामाला जास्त दिवस असाल तर एक दिवस नाझी पार्टीच्या मेळाव्यांची जागा आणि ज्या कोर्टरूम ६०० मधे नाझी नेत्यांवरचे न्यूरेंबर्ग खटले चालले ती नक्की बघा, फक्त मार्केटच्या दिवशी नको, त्याला स्वतंत्र डोकं आणि वेळ लागतो.

दुपारी आत शिरा

१ ते साडेतीन हा वेळ बाहेर काढू नका, पाय थकतात आणि संध्याकाळची मजा जाते. जर्मानिशेस नॅशनालम्युझियम चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, सोमवारी बंद असतं. तिथल्या संग्रहात पातळ लाकडाची एक छोटी लंबगोल डबी आहे, वर फुलं रंगवलेली, आणि तिच्या तळावर लिहिलंय की ही किंडलेसमार्क्टची भेट म्हणून पाठवली, साल १६२८. या मार्केटचा सगळ्यात जुना लेखी पुरावा तो हा, कोणीतरी कोणालातरी दिलेली एक डबी. तसं बघितलं तर ड्रेस्डेनचं मार्केट १४३४ पासूनचं, म्हणजे न्यूरेंबर्ग सगळ्यात जुनं नाही, पण त्या डबीमुळे मला ते जास्त जवळचं वाटतं. याच म्युझियममधे मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोलही आहे, १४९२ च्या सुमाराचा, आजवर टिकलेला सगळ्यात जुना पृथ्वीगोल.

मुलं बरोबर असतील तर म्युझियमऐवजी हान्स-झाक्स-प्लाट्झवरचं मुलांचं मार्केट, किंडरवाइनाख्ट. चौकात जे पाळणे नाहीत ते सगळे इथे आहेत, जुन्या पद्धतीचं दुमजली कॅरोसेल, छोटी रेल्वे, आणि काही स्टॉलवर मुलांना स्वतः काहीतरी बनवू देतात. अगदी लहान मुलाला बाबागाडीपेक्षा कॅरियरमधे अंगाशी बांधून घ्या, दगडांवर गाडी अडकते आणि गर्दीत बाळाच्या तोंडासमोर फक्त लोकांच्या पिशव्या येतात.

रात्हाउस, म्हणजे महापालिकेच्या बाजूच्या चौकात न्यूरेंबर्गशी जोडलेल्या जुळ्या शहरांचे स्टॉल असतात, प्राग, क्राकाव, ग्लासगो वगैरे. वस्तू वेगळ्या मिळतात आणि गर्दीही मुख्य चौकापेक्षा कमी. तिथून जाता जाता बघून घ्या.

संध्याकाळ: आधी वर चढा

डिसेंबरात सूर्य सव्वाचारच्या सुमाराला मावळतो. पावणेचारला चौकातून निघून वर किल्ल्याकडे, काइझरबुर्गकडे, चालायला लागा, चढ आहे पण दहा-पंधरा मिनिटांचाच, आणि अंग गरम होतं ते वेगळं. वर फ्रायुंग नावाची मोकळी गच्ची आहे, तिथे जायला तिकीट लागत नाही. तिथून लाल कौलांची सगळी जुनी वस्ती, चर्चचे मनोरे, आणि उजेड जाईल तसे एकेक लागत जाणारे दिवे. पाच वाजेपर्यंत थांबा आणि मग खाली उतरा, म्हणजे बरोबर अंधारात चौकात पोचता.

आता ग्लुवाइन. लाल वाइन, दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, साखर, आणि उकळू न देता गरम केलेलं. अल्कोहोल कमीत कमी ७ टक्के असतं, गरम आणि गोड असल्यामुळे ते कळत नाही, म्हणून पोटात काहीतरी असू द्या. या भागात हाइडेलबेअर ग्लुवाइन, म्हणजे ब्लूबेरीचं, चांगलं मिळतं, मला साध्यापेक्षा तेच आवडतं. ‘मिट शुस’ म्हणालात तर त्यात रम नाही तर अमारेटो ओततात. दारू नको असेल आणि मुलांसाठी, किंडरपुन्श मागा, फळांच्या रसाचं गरम मसालेदार पेय, त्यात अल्कोहोल नसतं.

ग्लुवाइन साधारण ४-५ युरो, पण काउंटरवर तुमच्याकडून त्याहून जास्त घेतील, घाबरू नका, वरचे पैसे ग्लुवाइनच्या कपाचे आहेत. त्याला फांड म्हणतात, डिपॉझिट. कप परत दिला की पैसे परत. कप आवडला तर डिपॉझिट सोडा आणि कप घेऊन जा, ते चालतं, त्यावर वर्षाचं डिझाइन असतं आणि ही सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी आठवण आहे. फक्त परत द्यायचा असेल तर शक्यतो घेतला तिथेच द्या.

नदीवरच्या फ्लाइशब्र्युके पुलाजवळ फॉयरत्सांगेनबोलेचा स्टॉल असतो, वाइनच्या भांड्यावर रममधे भिजवलेली साखरेची ढेप ठेवून ती पेटवतात, निळी ज्योत आणि साखर वितळून थेंब थेंब आत. त्यांचं भांडं जगातलं सगळ्यात मोठं म्हणून मिरवतात. रात्री एकदा बघायला तरी जा.

खाण्यात ‘द्राय इम वेग्गला’, म्हणजे एका गोल पावात तीन सॉसेज आणि मोहरी. न्यूरेंबर्गची सॉसेज बोटाएवढी असतात, ७ ते ९ सेंटिमीटर, एकेक २० ते २५ ग्रॅमचं, आणि वास मार्जोरमचा, म्हणजे मरव्याचा. २००३ पासून त्यांच्या नावाला युरोपियन युनियनचं संरक्षण आहे, शहरात बनलं तरच हे नाव लावता येतं. ही डुकराच्या मांसाची असतात हे लक्षात ठेवा.

शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही, पण विचारावं लागतं. कार्टोफेलपुफर, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तळलेले कुरकुरीत चपटे वडे, सफरचंदाच्या गोड सॉसबरोबर, हे गरम गरम खाताना बोटं भाजतात पण थंडीत त्यासारखं दुसरं काही नाही. भाजलेले मशरूम लसणाच्या सॉसमधे, केझेश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या छोट्या जाडसर शेवया, भाजलेले चेस्टनट, साखरेत परतलेले बदाम. शुपफनुडेल्न, म्हणजे बटाट्याचे बोटाएवढे परतलेले गोळे, घ्यायचे असतील तर त्यात बऱ्याचदा बेकन असतं, ‘ओने श्पेक, बिटे’ म्हणायचं, बेकन नको. अंडंही चालत नसेल तर बटाट्याच्या वड्यात आणि श्पेट्झलेत ते असतं, मग चेस्टनट, बदाम आणि साधे भाजलेले बटाटे हेच खात्रीचे, आणि मशरूमचा सॉस विचारून.

लेबकुखेन विकत घेताना

याच्यावर जरा वेळ घालवा. न्यूरेंबर्ग व्यापारी रस्त्यांच्या नाक्यावर होतं, त्यामुळे दालचिनी, लवंग, वेलची, जायपत्री इथे मध्ययुगातच पोचत होती, आणि भोवतालच्या जंगलात मधमाश्या पाळणाऱ्यांची मोठी परंपरा होती. मसाले आणि मध एकाच गावात, त्यातून लेबकुखेन, म्हणजे मसाल्याचे मऊ गोड केक. १४८७ मधे सम्राट तिसऱ्या फ्रीडरिखने शहरातल्या सुमारे ४,००० मुलांना बोलावून स्वतःचं चित्र छापलेले लेबकुखेन वाटले होते.

घ्यायचे ते एलिझेनलेबकुखेन घ्या. या नावासाठी नियम आहे, बदाम, हेझलनट किंवा अक्रोड कमीत कमी २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के. चांगला असेल तर हातात जड लागतो, मोडला की आत ओलसर आणि दाणेदार, बिस्किटासारखा कोरडा भुगा पडत नाही. खाली पांढरा कागदासारखा गोल चिकटलेला असतो, तो सोलू नका, ती पातळ वेफर आहे, खायची असते. साधा, साखरेचा लेप दिलेला आणि चॉकलेटचा असे तीन प्रकार, माझी पसंती साध्याला, मसाल्याची चव त्यातच नीट कळते. रंगीत पत्र्याचा डबा सुंदर असतो पण पैसे डब्याचेही पडतात, घरी खायला हवे असतील तर साध्या पिशवीतले किंवा तुटक्या लेबकुखेनची पाकिटं बघा, चव तीच. हवाबंद डब्यात ते आठवडेच्या आठवडे टिकतात, कडक झाले तर डब्यात सफरचंदाची फोड एक-दोन दिवस ठेवा, परत मऊ होतात. हृदयाच्या आकाराचे, आयसिंगने नावं लिहिलेले जे टांगलेले असतात ते गळ्यात घालायला छान, खायला नाही.

क्रिस्टकिंड

उद्घाटनाच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला दिवे मालवतात आणि फ्राउएनकिर्खेच्या गॅलरीतून सोनेरी-पांढऱ्या झग्यातली, मुकुट घातलेली क्रिस्टकिंड मार्केट उघडल्याचं निवेदन म्हणते. ही शहरातलीच १६ ते १९ वर्षांची मुलगी असते, दर दोन वर्षांनी निवडतात, आणि उंचावर चक्कर येता कामा नये ही अट खरोखरच आहे. २०१९ मधे बेनिग्ना मुन्सी निवडून आली, तिचे वडील मूळ भारतीय. एएफडी या कट्टर उजव्या पक्षाच्या एका स्थानिक शाखेने तिच्या दिसण्यावरून वाईट पोस्ट टाकली, आणि शहर तिच्या मागे ठाम उभं राहिलं, देशभरातून तिला पाठिंबा मिळाला. तिच्या दुसऱ्या वर्षी, २०२० मधे, कोरोनामुळे मार्केटच भरलं नाही.

उद्घाटन बघायचं असेल तर किमान दीड-दोन तास आधी चौकात जागा धरावी लागते आणि मधे बाहेर पडता येत नाही. मी म्हणेन, छोटी मुलं किंवा वयस्क आई-बाबा बरोबर असतील तर नको. त्यापेक्षा मार्केट चालू असताना क्रिस्टकिंड आठवड्यातल्या काही दुपारी चौकात येते, त्याच्या वेळा शहराच्या वेबसाइटवर असतात, तेव्हा मुलांना तिला जवळून भेटता येतं. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी संध्याकाळी शाळेतली हजाराहून जास्त मुलं स्वतः बनवलेले कंदील घेऊन किल्ल्याकडे चालत जातात, तो लिष्टरत्सुग. तारखा जुळत असतील तर उद्घाटनाऐवजी हा दिवस धरा, मी दहापैकी दहा वेळा हाच निवडेन.

परत निघताना

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, मार्केट चालू असतं, तेव्हा बॉक्स, टेप, बबल रॅप असलं काही लागणार असेल तर शनिवारीच घेऊन ठेवा. ग्लुवाइनच्या कपाच्या आत मोजे कोंबा आणि बाहेरून स्वेटर गुंडाळा, सुटकेसच्या मधोमध. काचेचे गोळे आणि सोनेरी पत्र्याची बाहुली केबिन बॅगमधे, बाहुलीच्या झग्याच्या चुण्या एकदा दबल्या की परत सरळ होत नाहीत, म्हणून स्टॉलवरच पुठ्ठ्याचा डबा मागून घ्या, बहुतेक जण देतात. लेबकुखेन चेक-इनमधे चालतात, फक्त चॉकलेटचे असतील तर एकावर एक रचताना मधे कागद घाला. ग्लुवाइनची बाटली चेक-इनमधेच, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, आणि घरी गरम करताना उकळी फुटू देऊ नका.